घरी बांधलेल्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते : दोष शोधायचा क्रम

लक्षण ठरलेलं असतं. चेसिसचं मागचं टोक कापून, सीट बदलून, वायरिंग नव्यानं ओढून मोटरसायकल तयार होते. काही दिवस सेल्फ झकास लागतो आणि मग एका सकाळी बटण दाबलं की रिले नुसता कट-कट-कट वाजतो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली की पुन्हा चार दिवस बरे जातात. मग नवी बॅटरी येते आणि तीही त्याच वाटेनं जाते.

दुसरी बॅटरी बसली की बॅटरीला दोष देणं थांबवा. घरी बांधलेल्या गाडीत हा दोष जवळजवळ नेहमी अर्थमध्ये (करंट बॅटरी निगेटिव्हकडे परतायच्या जोडणीत), आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा बांधताना थेट बॅटरीवर टाकलेल्या एखाद्या वायरीत असतो. तो शोधायला एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक चार्जर आणि एक निवांत दुपार पुरते. क्रम मात्र मोडायचा नाही, कारण अर्धवट बसलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग दिशाभूल करतं.

आधी एकच गोष्ट ठरवायची: बॅटरी गाडी उभी असताना रिकामी होते, की चालताना भरतच नाही? हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोघांचं लक्षण एकच आहे. हे न ठरवता आरआर बदलला, मग मॅग्नेट प्लेट (इंजिनातली वीज तयार करणाऱ्या कॉइलची प्लेट) बदलली, मग वायरिंग बदललं, की खर्च वाढतो आणि दोष तिथंच राहतो.

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जर काढून किमान दोन तास थांबा. चांगल्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे सेल्फला जवळपास निकामी. आता निगेटिव्हची थिंबल (केबलच्या टोकाची कडी) काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी आकडा १२.५ च्या खाली आला असेल तर बॅटरीच आतून गेलेली आहे. ती बदला, पण ती का गेली ते पुढे वाचून शोधा. आकडा टिकला असेल तर निगेटिव्ह जोडा, चावी बंद ठेवून आणखी एक रात्र जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. या वेळी उतरला, तर उभ्या गाडीत करंट कुठंतरी जातो आहे. तोही टिकला, तर दोष चार्जिंगचा.

बॅटरी भरलेली असताना सेल्फ मारून व्होल्टेज बघायलाही विसरू नका. सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी अशक्त आहे. ते ११ च्या आसपास राहूनही सेल्फ रडत फिरत असेल तर बॅटरी ठीक आहे आणि वाट अडलेली आहे. ती वाट बहुतेक वेळा अर्थची असते.

पावडर कोटिंग आणि अर्थ

घरी बांधलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून चेसिस पावडर कोटिंग करून आणली की ती देखणी दिसते, पण तो थर विजेला पूर्ण अडवतो. इंजिन माउंटिंगच्या दोन्ही बाजू, अर्थचा बोल्ट, त्याचे आटे, आरआर जिथं बसतो ती पट्टी, सगळं झाकलं जातं. कंपनीच्या गाडीत इंजिन, चेसिस आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात तीन-चार वाटा असतात. कोटिंगनंतर त्यातली एखादी उरते, तीही बोल्टच्या आट्याला खरवडून लागलेली.

याची एक खूण हाताला कळते. सेल्फ दोन-तीनदा मारा आणि लगेच क्लच केबल चाचपा. ती कोमट किंवा गरम लागली, तर सेल्फचा करंट इंजिनातून परतायला केबलची वाट धरतो आहे. अशा गाडीत क्लच केबल आतून वितळते, जड होते आणि लोक केबलच बदलत बसतात.

मोजायचं असं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर आणि काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. थिंबलवर टेकवू नका, खांबावरच टेकवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. मग इंजिन चालू करून, सगळे दिवे लावून, रेस साधारण ४,००० आरपीएमवर धरा आणि आरआरच्या बॉडीपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत मोजा. इथं ०.२ च्या आत हवं. याच पद्धतीनं आरआरच्या पॉझिटिव्ह टोकापासून बॅटरी पॉझिटिव्हपर्यंतही मोजा, तिथंही ०.२ ते ०.३ च्या वर जाता कामा नये. दोन्हीकडे अर्धा-अर्धा व्होल्ट वाटेत हरवला, तर आरआर १४.३ देऊनही बॅटरीला १३.३ च मिळतात. रोज थोडी उपाशी राहिलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेटचा थर धरते, आणि मग चार्जरलाही दाद देत नाही.

दुरुस्ती साधी आहे. बॅटरी निगेटिव्हपासून १० चौरस मिमीची केबल थेट इंजिन केसवर, शक्यतो सेल्फ मोटरच्या बोल्टवर न्या. तिथून २.५ चौरस मिमीची वायर चेसिसला द्या. आरआरच्या अर्थसाठी वेगळी २.५ चौरस मिमीची वायर सरळ बॅटरी निगेटिव्हपर्यंत ओढा, चेसिसवर भरवसा ठेवू नका. थिंबल बसते तेवढ्या गोलात कोटिंग कानशीनं पूर्ण काढून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. ग्रीस जोडाच्या वर असतं. धातू धातूला भिडण्याआधी मध्ये भरायचं नसतं. कोटिंगला चेसिस देण्याआधीच अर्थच्या जागा आणि आटे झाकून द्यायला सांगितले तर हे खरवडणं वाचतं.

चावी बंद, तरी करंट चालू

निगेटिव्हची थिंबल काढा. मीटरचा लाल प्रोब १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी ॲम्पिअरवर ठेवा, लाल प्रोब सुटलेल्या केबलला आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. आकडा अगदी छोटा दिसला तर मिलिॲम्पिअरच्या भोकात या. मीटर असा जोडलेला असताना सेल्फचं बटण दाबायचं नाही, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो. काम झालं की लाल प्रोब आठवणीनं व्होल्टच्या भोकात परत टाका. ॲम्पिअरच्या भोकात प्रोब ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजलं तर तो थेट शॉर्ट असतो.

कार्ब्युरेटरच्या, घड्याळ नसलेल्या साध्या गाडीत हा आकडा १ मिलिॲम्पिअरच्या आसपास किंवा शून्य हवा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि डिजिटल मीटर असेल तर दोन-तीन चालतो. २० मिलिॲम्पिअर किरकोळ वाटतात, पण ते दिवसाला जवळपास अर्धा ॲम्पिअर-तास (एएच) होतात. ५ एएचची बॅटरी त्यात पाच दिवसांत अर्धी होते, आणि अर्ध्या बॅटरीवर थंड इंजिन सेल्फ घेत नाही. आठवड्यातून एकदा रविवारी निघणाऱ्या गाडीचं गणित इथंच बिघडतं.

आकडा जास्त असेल तर मीटर तसाच ठेवून एकेक कपलर (वायरींचा प्लग) सोडत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. सुरुवात आरआरपासून करा. त्याचा कपलर सोडताच आकडा शून्यावर आला तर आतले डायोड गळके झालेत. याचं एक कारण घरी बांधणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं: बॅटरी आणि आरआर जोडलेले असताना चेसिसवर केलेलं आर्क वेल्डिंग. एखादा छोटा ब्रॅकेट टाचायचा म्हणून उद्यमनगरात गाडी नेली, होल्डरचा अर्थ क्लॅम्प लांब पुढच्या ॲक्सलला लावला आणि करंट वाटेतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरला. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं, आरआर, सीडीआय (स्पार्कचा डबा) किंवा ईसीयू यांचे कपलर सोडा आणि क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा.

आरआरनंतर थेट बॅटरीवर टाकलेल्या वस्तू बघा. व्होल्टमीटर असलेलं यूएसबी सॉकेट, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, फॉग लॅम्पचा रिले. यूएसबी सॉकेट मोबाइल न लावताही काही मिलिॲम्पिअर खात राहतं. ट्रॅकर आणि अलार्म सोडून बाकी सगळं चावीच्या मागे गेलं पाहिजे. रिलेची कॉइल ओढली गेली तर साधारण १३० ते १५० मिलिॲम्पिअर घेते. तिचा ८६ नंबरचा पिन चुकून बॅटरीवर आणि ८५ कुठल्यातरी बल्बमधून अर्थवर गेला, तर चावी काढल्यावरही ती ओढलेली राहू शकते. रात्री शांततेत रिलेला बोट लावून बघा, गरम असेल तर सापडला.

शेवटी हँडल. क्लिप-ऑन किंवा छोटं हँडल टाकलं की मुळच्या वायरी स्टिअरिंगच्या मानेपाशी दुमडून दाबल्या जातात. मीटर जोडलेला ठेवून हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवा. फक्त एका बाजूला आकडा उसळला तर वायर तिथं सोललेली आहे. हँडल लॉक करून गाडी उभी करणाऱ्याची बॅटरी रोज जाते आणि मेकॅनिकसमोर हँडल सरळ असताना काहीच सापडत नाही, त्याचा उलगडा हा.

इथंच रंगांबद्दल सांगायला हवं. होंडा आणि हिरो होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थ, लाल बॅटरी पॉझिटिव्ह आणि काळी चावीनंतरची पॉझिटिव्ह. यामाहात काळी अर्थ आणि तपकिरी चावीनंतरची पॉझिटिव्ह. भंगारातून आणलेला यामाहाचा स्विच स्प्लेंडरच्या वायरिंगला काळ्याला काळी असा जोडला, की चावी लावताच फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर वायरिंग पेटतं. मिश्र पार्टांच्या गाडीत रंग बघून जोडायचं नाही, प्रत्येक वायर मीटरनं तपासून कागदी टेपवर नाव लिहायचं. आणि बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १५ ॲम्पिअरचा मुख्य फ्यूज हवाच, त्याला पर्याय नाही. सेल्फची जाड केबल तेवढी या फ्यूजमधून न्यायची नाही.

चालताना भरत नाही

इंजिन गरम करून मीटर बॅटरीवर लावा. आयडलवर १२.८ ते १३.२ दिसलं तरी घाबरू नका, एका सिलिंडरच्या गाडीत ते चालतं. साधारण ४,००० आरपीएमवर, म्हणजे टॅकोमीटर नसेल तर आयडलच्या अंदाजे तिप्पट रेसवर, १३.८ ते १४.५ हवेत. आता हेडलाइट, फॉग आणि ब्रेक लाइट एकदम लावा. तरीही १३.२ च्या वर टिकलं पाहिजे.

व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर तोही दोष आहे आणि तो बॅटरी लवकर मारतो: बॅटरी फुगते, पाणी आटतं, आंबूस वास येतो. काही आरआरना व्होल्टेज ओळखायची एक वेगळी वायर असते, होंडात बहुधा काळी. ती स्वस्त चावीच्या स्विचमागच्या लांबलचक फाट्यावर जोडली आणि वाटेत ०.८ व्होल्ट पडले, तर आरआरला बॅटरी तेवढी कमी दिसते आणि तो बॅटरीवर तेवढं जास्त ढकलतो. ही वायर चावीनंतरच्या सगळ्यात दमदार टोकावर, शक्य तर रिलेमार्फत द्या. सरळ बॅटरीवर दिली तर ती रात्रभर थोडा करंट पीत राहते.

चार्जिंग कमी येत असेल आणि अर्थ वर सांगितल्याप्रमाणे तपासून झाली असेल, तर मॅग्नेट प्लेटचा कपलर सोडून तपासा. तीन पिवळ्या वायरींच्या गाडीत कुठल्याही दोन वायरींमध्ये साधारण ०.२ ते १ ओहम आणि तिन्ही जोड्यांत सारखाच आकडा हवा. कुठल्याही वायरीचा इंजिनशी संपर्क नको. इंजिन चालू करून ४,००० च्या आसपास एसी व्होल्टेज मोजा, तिन्ही जोड्यांत ५० च्या वर आणि जवळपास सारखं यायला हवं. एक जोडी कमी पडली तर कॉइल जळली आहे. जुन्या स्प्लेंडरसारख्या एका कॉइलच्या गाडीत मात्र कॉइलचं एक टोक मुळातच इंजिनला अर्थ असतं. ते बघून कॉइल खराब ठरवू नका.

आणि याच जुन्या गाड्यांत घरी बांधणारा सगळ्यात जास्त फसतो. त्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, तो पिवळ्या वायरीनं थेट कॉइलच्या एसीवर चालतो. बॅटरीला पांढऱ्या वायरीतून हाफ वेव्ह, म्हणजे निम्म्याच लहरीचं चार्जिंग मिळतं, तेवढंच सेल्फ, हॉर्न आणि इंडिकेटरला पुरतं. कॅफे रेसर बांधताना आपण गोल एलईडी हेडलाइट डीसीवर जोडतो, वर दोन फॉग टाकतो, आणि २० वॅटचे दोन फॉग एकटेच तीन ॲम्पिअर मागतात. एवढं त्या निम्म्या लहरीतून निघत नाही. अशा गाडीत कितीही मोठी बॅटरी टाका, ती फक्त थोडी उशिरा बसेल.

खरा उपाय फुल वेव्ह, म्हणजे पूर्ण लहरीचं चार्जिंग करणं हा आहे. मॅग्नेट कव्हर उघडून चार्जिंग-लायटिंग कॉइलचं जे टोक कोअरला सोल्डर केलेलं आहे ते सोडवा, त्याला तेल आणि उष्णता सहन करणाऱ्या स्लीव्हची वायर जोडून बाहेर काढा. ही वायर आणि कॉइलचं दुसरं टोक, म्हणजे पिवळी-पांढरीपैकी ज्याचा नव्या वायरीशी रेझिस्टन्स जास्त येतो ते, दोन एसी इनपुट असलेल्या फुल वेव्ह आरआरला द्या. उरलेलं टोक इन्सुलेट करून बंद करा. जुना आरआर काढून टाका, तो या जोडणीत चालत नाही. एसी सीडीआयच्या गाडीत स्पार्कसाठीच्या एक्सायटर कॉइलचं टोकही बऱ्याचदा त्याच जागी अर्थ असतं. ते तिथंच राहू द्या, नाहीतर स्पार्क जाईल. आणि पिवळ्या वायरीवरचा जुना एसी हेडलाइट चुकूनही जोडलेला ठेवू नका, त्यातून कॉइल पुन्हा अर्थ होते. झाल्यावर कॉइलच्या दोन्ही टोकांपासून इंजिनपर्यंत संपर्क नाही याची खात्री करूनच कव्हर बंद करा.

ब्रेक लाइटकडेही एकदा नीट बघा. रिअरसेट (मागे सरकवलेले) फूटरेस्ट बसवल्यावर मागच्या ब्रेक स्विचची स्प्रिंग ताणलेली राहते आणि दिवा कायम लागतो. २१ वॅटचा बल्ब असेल तर दीड ॲम्पिअरच्या वर सतत जातात. दसरा चौक ते रंकाळा असा सिग्नलला थांबत थांबत गाडी चालवणाऱ्याला हे लगेच भोवतं. हायवेवर कागलपर्यंत रोज जाणाऱ्याला महिनोन्‌महिने कळतही नाही.

आरआर वारंवार जळत असेल तर तो कुठं बसवलाय ते बघा. सीटखाली, बॅटरीच्या डब्याशेजारी, वारा न लागणाऱ्या जागी लपवला की तो टिकत नाही. बहुतेक साधे आरआर शंट जातीचे असतात, ते जादा करंट शॉर्ट करून उष्णतेत घालवतात. म्हणून सगळे दिवे एलईडी केले की ते उलट जास्त तापतात, कारण उरलेला करंट त्यांनाच जिरवावा लागतो. चेसिसच्या पुढच्या डाउनट्यूबवर (इंजिनासमोरच्या नळीवर), वारा लागेल असा, उघड्या धातूवर घट्ट बसवा. बॅटरी काढून इंजिन चालवायचा उद्योग करू नका. व्होल्टेज उसळून आरआर, बल्ब आणि ईसीयू एकदम जातात.

पावसाळा

मडगार्ड छोटं केलं, एअर बॉक्सची पेटी काढली, कपलर उघडे पडले, आणि वर जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. मागच्या चाकाचं पाणी सरळ बॅटरीच्या डब्यावर येतं. कपलरचं तोंड खाली करा, वायरीला कपलरच्या आधी खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल, आणि पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. नुसती काळी टेप गुंडाळली तर पाणी आत कोंडतं. जोड क्रिंप करा आणि गोंदवाली हीट श्रिंक चढवा. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि एका सिलिंडरच्या थरथरीनं तिच्या कडेला तारा तुटतात, तेव्हा सोल्डर केलंच तर जोड क्लिपनं धरून ठेवा.

डोनर गाडी (जिचे पार्ट काढून घेतो ती) २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेली असेल तर तिचं वायरिंग वापरूच नका. कपलरमध्ये वाळलेला गाळ सापडला की समजायचं. वरून वायर चांगली दिसते, पण सोलली की तांब्यावर हिरवी-काळी पूड असते आणि ती इन्सुलेशनच्या आत वीतभर चढलेली असते. एखादी वायर ठेवायचीच असेल तर तांबडं, चमकणारं तांबं लागेपर्यंत कापत जा.

लिथियम बॅटरी

सीटच्या कुबडात मावावी म्हणून बरेच जण छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकतात. तिचे आकडे वेगळे आहेत. पूर्ण भरलेली आणि विसावलेली ती १३.२ ते १३.४ दाखवते, १२.८ म्हणजे ती जवळपास रिकामी. लेड-ॲसिडच्या सवयीनं १२.८ बघून तिला ठीक म्हणू नका. लेबलवर बऱ्याचदा लेड-ॲसिडच्या तुलनेतला एएच लिहिलेला असतो. वॅट-तास बघा आणि १२.८ नं भागा, खरा एएच कळेल, आणि उभ्या गाडीतली गळती त्यावरच मोजा. चार्जिंग १४.० ते १४.६ मध्ये हवं. १४.८ च्या वर जाणारा जुना आरआर तिला मारतो, आणि सल्फेट काढायचा मोड असलेला चार्जर तिला लावायचा नाही. साधी ॲसिडची बॅटरी असेल तर ती आडवी बसवू नका; सीलबंद बॅटरी कुशीवर चालते, उलटी मात्र नाही.

सगळं दुरुस्त झाल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून तीच दोन रात्रींची चाचणी पुन्हा घ्या, आणि चार्जिंगचा आकडा, गळतीचा आकडा व दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप सीटखाली स्टिकरवर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ रडला की आधी त्या आकड्यांशी ताडून बघा. जो आकडा हलला असेल, काम तिथून सुरू करा.